होडी जिना चढते तेव्हा

पाटाला पाणी सुटलं की शेवगाव तालुक्यात ती बातमी पोरांना सगळ्यात आधी कळते. मुळा धरणाचा उजवा कालवा राहुरी, नेवासे असं करत शेवगाव-पाथर्डीच्या शिवारापर्यंत येतो. आवर्तन आलं, पाटकरी गेटं फिरवायला लागले, की कोरड्या चाऱ्या वाहायला लागतात आणि कपाशी, ऊस, गहू सगळ्यांची तहान एकदम जागी होते.

आता समजा, तुम्ही शेतातल्या छोट्या चारीत कागदाची होडी सोडली. (मोठ्या कालव्याच्या काठावर खेळायचं नाही. त्याच्या उतरत्या कडा शेवाळाने निसरड्या असतात आणि आतून वर यायला काही धरायला नसतं.) होडी डुलत निघाली. पुढे चारीला एक पायरी आली. पाणी धबाक्कन खाली पडलं, होडीही पडली आणि पुढे वाहत गेली.

इथवर ठीक. आता उलटं करायचं. तीच होडी त्या पायरीवरून वर चढवायची. पण हात लावायचा नाही. दोरीने ओढायची नाही. मोटर नाही, वीज नाही, क्रेन नाही. जे काही करायचं ते त्याच पाण्याने करायचं.

जमेल?

जमतं! आणि कागदाची होडीच काय, शेकडो कंटेनर लादलेलं अवाढव्य जहाजसुद्धा असं वर चढवता येतं.

पाटाला पायऱ्या कशाला?

आधी एक सांगा, पाट सरळ उतरत का नाही? मध्येच पायरी कशाला?

पाण्याला जास्त उतार दिला की ते सुसाट पळतं. पळता पळता काठाची माती खातं, तळ खरवडतं, भराव फोडतं. अगदीच कमी उतार दिला तर रेंगाळतं आणि गाळ टाकत बसतं. म्हणून इंजिनिअर कालव्याला अगदी बेताचा उतार देतात, नुसत्या डोळ्यांना तो दिसतही नाही. पण जमीन काही इंजिनिअरचं ऐकत नाही. तिचा उतार कालव्याच्या उतारापेक्षा जास्त असला की कालवा हळूहळू जमिनीच्या वर अधांतरी राहायला लागतो. मग काय करायचं? एका ठिकाणी दगडाची किंवा काँक्रीटची पक्की पायरी बांधायची. पाण्याने तिथेच उडी मारायची, तिथेच जोर जिरवायचा आणि पुन्हा शहाण्यासारखं पुढे चालायचं. या पायरीला आपल्याकडे सगळे ‘फॉल’च म्हणतात.

पाण्यासाठी फॉल उत्तम. होडीसाठी मात्र तो म्हणजे रस्ता बंद.

चार भिंती, दोन दारं

यावरचा उपाय म्हणजे लॉक. फॉलच्या शेजारून पाण्याची दुसरी वाट काढायची आणि त्या वाटेवर एक लांबट खोली बांधायची. खोलीला छप्पर नाही. दोन बाजूंना पक्क्या भिंती. एक दार वरच्या पाण्याकडे, एक खालच्या पाण्याकडे. दोन्ही दारं एकाच वेळी कधीही उघडायची नाहीत, हा पहिला आणि शेवटचा नियम.

चला, बसा होडीत. आपण खालच्या बाजूला आहोत.

खालचं दार उघडं आहे. खोलीतलं पाणी आणि आपलं पाणी एकाच पातळीत, त्यामुळे होडी सहज आत शिरते. आत गारवा आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती डोक्याच्या वर गेलेल्या, ओल्या, हिरव्यागार शेवाळाच्या. समोर वरचं दार बंद. त्याच्या फटीतून पाण्याच्या बारीक चिळकांड्या उडताहेत. त्या दारापलीकडे आपल्या डोक्याच्याही वर पाणी उभं आहे, हे विसरू नका!

मागचं दार बंद होतं. काठावरचा माणूस वरच्या दाराजवळची झडप उघडतो. घर्रर्र! वरचं पाणी तळातून आत घुसतं. खोलीतलं पाणी उकळल्यासारखं खदखदायला लागतं, होडी मागेपुढे ओढ घेते, म्हणून दोर धरून ठेवायचा. आणि मग लक्षात येतं, भिंतीवरचं शेवाळ खाली चाललंय! अहो, शेवाळ कुठलं जातंय, आपण वर चाललोय. आधी काठावरच्या माणसाचं डोकं दिसतं, मग गुडघे, मग चपलेसकट तो अख्खा.

थोड्या वेळाने खळबळ थांबते. खोलीतलं आणि वरचं पाणी एका पातळीत आलं. आता वरचं दार सहज उघडतं आणि होडी निघते पुढे. उतरायचं असेल तर हेच सगळं उलट्या क्रमाने.

यात होडीला उचललं कुणी? फक्त पाण्याने. आणि पाणी का आलं? कारण ते उंचावरून खाली येतंच, त्याला सांगावं लागत नाही. माणसाने काय केलं? दारं आणि झडपा उघडल्या-मिटल्या. बस्स!

दहा टनांचा धक्का

पण एवढं पाणी अडवणारी दारं फुटत कशी नाहीत? दार पाच मीटर रुंद आहे आणि वरचं पाणी खालच्यापेक्षा दोन मीटर उंच आहे असं धरा. त्या दारावर कमीत कमी दहा टनांचा दाब येतो.

युक्ती दाराच्या आकारात आहे. दोन्ही हात नमस्कारासाठी जोडा आणि मनगटं एकमेकांपासून दूर न्या, म्हणजे फक्त बोटांची टोकं टेकलेली राहतील. लॉकची दोन दारं अशीच टोकदार मिटतात आणि ते टोक वरच्या पाण्याकडे असतं. पाणी जितकं जोरात ढकलेल तितकी ती एकमेकांवर जास्त घट्ट बसतात. अडसर नको, कुलूप नको. दोन्हीकडे पाणी समान होईपर्यंत ती पहिलवानालाही उघडत नाहीत. समान झालं की दाराला जोडलेला लांब लाकडी दांडा पाठीने रेटायचा, आणि तुमच्यासारखी दोन मुलंही ते ढकलू शकतात.

अशी टोकदार दारं काढणारा एक माणूस तुमच्या ओळखीचा आहे. ‘मोनालिसा’ रंगवणारा लिओनार्दो दा विंची. पंधराव्या शतकाच्या अखेरीला तो इटलीत मिलान शहराच्या कालव्यांवर काम करत होता. त्याने वहीत काढलेली या दारांची चित्रं आजही जपून ठेवलेली आहेत.

चोरांनी लावलेला शोध!

दोन दारांच्या खोलीची कल्पना मात्र त्याहून कितीतरी जुनी, चीनमधली. तिथल्या मोठ्या कालव्यातून राजाचं धान्य होड्यांनी जायचं. जिथे पातळी बदलते तिथे उतरणी केलेल्या होत्या आणि होड्या त्यावरून दोरांनी ओढून चढवायच्या-उतरवायच्या. या ओढाताणीत होड्या फुटायच्या. आणि होडी फुटली, धान्य सांडलं, गोंधळ उडाला की चोरांचं फावायचं.

वाहतुकीची जबाबदारी असलेल्या च्याओ वेइयुए नावाच्या अधिकाऱ्याला याचा वैताग आला. इसवी सन 984 मध्ये त्याने पन्नास पावलांच्या अंतरावर दोन दारं बांधली आणि मधल्या जागेत पाण्याची पातळी वर-खाली करायची सोय केली. होडी ओढायची गरजच उरली नाही. चोरांचा धंदा बसला आणि जगाला लॉक मिळालं.

डोंगरावर 29 लॉक

एका लॉकने होडी दोन-अडीच मीटर चढते. समोर अख्खी टेकडी असेल तर?

तर मग एकापुढे एक लॉक बांधत जायचं. पाण्याचा जिनाच! इंग्लंडमध्ये डिव्हायझेस नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या बाहेर केन हिल या टेकडीवर जॉन रेनी या इंजिनिअरने बांधून घेतलेला असा जिना आहे. सुमारे सव्वातीन किलोमीटरमध्ये 29 लॉक आणि एकूण चढ 72 मीटर. हा जिना 1810 मध्ये पुरा झाला आणि लंडनकडची थेम्स नदी आणि ब्रिस्टलकडची एव्हन नदी यांच्यामधली पाण्याची वाट जोडली गेली. गर्दी इतकी वाढली की 1829 मध्ये जिन्यावर गॅसचे दिवे लावले, म्हणजे रात्रीही होड्या चढता-उतरता याव्यात.

यातले मधले 16 लॉक एका सरळ रेषेत आहेत आणि इतके जवळजवळ की दोन लॉकच्या मध्ये पाणी साठवायला जागाच नाही. मग रेनीने प्रत्येक पायरीच्या बगलेला एक मोठं तळं खोदलं. वरून पाहिलं तर मधोमध दारांची रांग आणि एका बाजूला तळ्यांची रांग.

पुढे रेल्वे आली, माल तिकडे गेला, कालवा मोडकळीला आला. गेल्या शतकात लोकांनी चिकाटीने तो पुन्हा दुरुस्त केला. आज सुट्टीला आलेली कुटुंबं तिथे होड्या चढवतात. सगळी 29 लॉक पार करायला पाच-सहा तास लागतात आणि दारं ढकलून ढकलून मंडळींचे दंड भरून येतात.

आपल्या गोदावरीवर

इंग्लंड राहू द्या, आपल्याकडे काय? आपली गोदावरी आहे की!

शेवगाव तालुक्याच्या उत्तरेला जायकवाडी धरणाचा फुगवटा, म्हणजे नाथसागर, पसरलाय. नाथसागराच्या 27 दरवाजांतून सुटलेलं पाणी मुंगी-पैठणवरून पुढे नांदेड, तेलंगण करत आंध्रात राजमहेंद्रीजवळ पोचतं. तिथे धवळेश्वरम या गावाशी आर्थर कॉटन या इंजिनिअरने 1847 ते 1852 या काळात गोदावरीवर भलामोठा बंधारा बांधला. नदीच्या मुखाजवळच्या सपाट प्रदेशात कालवे नेले. आणि कॉटनचं म्हणणं असं, की पाणी शेतात जाणारच आहे, तर जाता जाता होड्याही का वाहून नेऊ नये? म्हणून त्या कालव्यांना जिथे जिथे फॉल होते तिथे शेजारी लॉक बांधली. भात पिकवणारं पाणीच भाताची पोती वाहून न्यायला लागलं. तिकडचे शेतकरी आजही कॉटनचं नाव आदराने घेतात. त्याचे पुतळे आहेत, संग्रहालय आहे आणि जुन्या बंधाऱ्याच्या जागी बांधलेल्या नव्या बंधाऱ्यालाही त्याचंच नाव आहे.

याच गोष्टीचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. वर्धा खोऱ्यातला कापूस तेव्हा बैलगाड्यांनी मुंबईला जायचा. वाटेतच कितीतरी दिवस मोडायचे. कॉटनच्या मनात आलं, हाच कापूस वर्धा नदीतून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि तिथून थेट समुद्रात नेला तर? अडचण एकच. वाटेत तीन ठिकाणी नदी खडकांच्या रांगांवरून आदळत-आपटत उतरते: गोदावरीवर दुम्मुगुडेम आणि इंचमपल्लीजवळ, आणि आपल्या आजच्या गडचिरोली जिल्ह्यात प्राणहितेवर देवलमरीजवळ. या तिन्ही अडथळ्यांना बगल देणारे कालवे आणि लॉक बांधायचं ठरलं. काम सुरूही झालं.

पण खडक कठीण, खर्च अफाट, आणि तिकडे मुंबईहून निघालेली आगगाडी 1867 मध्ये नागपूरला पोचलीसुद्धा! मग कापूस होडीत कोण घालणार? 1871 मध्ये सरकारने काम थांबवलं. दुम्मुगुडेमचा बंधारा आजही गोदावरीत उभा आहे. विदर्भाच्या कापसाने मात्र समुद्र गाठला तो रुळांवरूनच.

शेवगाव ते समुद्र: करा हिशेब!

आता आपलाच एक प्रकल्प आखू. कागदावरच, त्यामुळे खर्च शून्य. नाथसागरातून होडी सोडायची आणि गोदावरीने बंगालच्या उपसागरात न्यायची. किती लॉक लागतील?

नाथसागर पूर्ण भरला की त्याची पातळी 1522 फूट असते. पावसाळ्यात हा आकडा बातम्यांत रोज ऐकू येतो. म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे 464 मीटर. केन हिलला 29 लॉकमध्ये 72 मीटर, म्हणजे एका लॉकला साधारण अडीच मीटर. 464 मीटर उतरायला किती? गणित करून पाहा. साधारण 187!

केन हिलच्या वेगाने गेलो तर दारं उघडण्या-मिटण्यातच दीड दिवस जाईल, प्रवास वेगळा. पण आजचे इंजिनिअर म्हणतील, एवढी बारकी पायरी कशाला? चीनमधल्या ‘थ्री गॉर्जेस’ धरणाशेजारी पाच पायऱ्यांचा जिना आहे आणि तो जहाजांना 113 मीटरपर्यंत चढवतो. तसल्या पायऱ्या केल्या तर शेवगावहून समुद्रापर्यंत वीस-एकवीसच पुरतील.

मग बांधून टाकू या? थांबा, बिल यायचं आहे.

पाण्याचं बिल

लॉकला वीज लागत नाही, डिझेल लागत नाही. पण ते फुकट चालत नाही. ते पाणी खातं.

आपली खोली 30 मीटर लांब, 5 मीटर रुंद धरा आणि चढ 2 मीटर. गुणाकार केला की 300 घनमीटर. म्हणजे 3 लाख लिटर. उन्हाळ्यात गावात येणारा दहा हजार लिटरचा टँकर आठवा. असे 30 टँकर! एक होडी चढली की इतकं पाणी वरून खाली गेलं.

“मग 187 पायऱ्यांना 187 खोल्या भरून पाणी?” असं कुणीतरी विचारेलच. गंमत म्हणजे, नाही. मधली प्रत्येक पायरी वरच्या पायरीकडून एक खोलीभर पाणी घेते आणि खालच्या पायरीला तेवढंच देते. हिशेब तिथल्या तिथे मिटतो. सगळ्या खोल्या सारख्या असतील तर जिना कितीही लांब असो, सगळ्यात वरच्या तळ्यातून एकच खोलीभर पाणी जातं. पण ते जातंच, आणि प्रत्येक खेपेला जातं.

हे बिल कधीकधी फार महाग पडतं. मध्य अमेरिकेतला पनामा कालवा 1914 पासून जहाजांना समुद्रातून 26 मीटर चढवून गातून तलावात नेतो आणि पलीकडच्या महासागरात उतरवतो. एका जहाजाच्या या खेपेला सुमारे 20 कोटी लिटर गोडं पाणी समुद्राला मिळतं. आपल्या भाषेत 20 हजार टँकर! 2023 मध्ये तिथे पाऊस कमी पडला, तलाव खाली गेला आणि रोज सोडायच्या जहाजांची संख्याच कमी करावी लागली. दोन महासागर शेजारी असून जहाजं रांगेत उभी, कशामुळे? तर दुष्काळामुळे. आपल्याला दुष्काळ काय असतो ते सांगायला नको. त्याच कालव्यावर 2016 मध्ये सुरू झालेल्या नव्या लॉकजवळ म्हणून मोठे हौद बांधलेत. खोली रिकामी करताना बरंचसं पाणी त्या हौदांत धरून ठेवतात आणि पुढच्या जहाजाला पुन्हा वापरतात. त्यामुळे दर खेपेला निम्म्याहून जास्त पाणी वाचतं.

जिथे पाण्याला तोटा नाही तिथे लॉकची चैन परवडते. तसं एक लॉक आपल्या महाराष्ट्रातही आहे. मुंबई बंदरातल्या इंदिरा गोदीच्या तोंडाशी सुमारे 229 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद खोली आहे. ही गोदी 1914 सालची. मुंबईच्या समुद्राला भरती-ओहोटी जोरदार असते. गोदीला दारं नसती तर ओहोटीला आतलं पाणी निघून गेलं असतं आणि जहाजं चिखलात बसली असती. लॉकमुळे आतलं पाणी टिकतं आणि जहाज भरती-ओहोटीची वाट न बघता ये-जा करू शकतं. तिथलं बिल समुद्र भरतो!

आता सांगा, आपल्या पाटावर लॉक का नाहीत? पाणी तर शेतात जाणारच आहे, कॉटनसारखं एका पाण्यात दोन कामं करता आली असती. पण कॉटनच्या त्या कालव्यांना वर्षातला बराच काळ पाणी असतं. आपला पाट आवर्तन आलं की वाहतो आणि संपलं की कोरडा. होडी काही पुढच्या आवर्तनापर्यंत चारीत थांबून राहणार नाही. आणि जेव्हा पाणी असतं तेव्हा ते टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या, शेतापर्यंत पोचावं म्हणूनच सगळ्यांची धडपड चाललेली असते. आपल्या पाटाने होडीपेक्षा कपाशी निवडली आहे.

करून पाहा

सरळ उभ्या कडांचं मोठं पातेलं घ्या. तळाशी थोडं पाणी ओता. त्यावर एक वाटी तरंगत सोडा. पाण्याच्या पातळीवर आतून पेनने खूण करा. आता पाच मग पाणी हळूच ओता आणि वाटी किती वर आली ते पट्टीने मोजा.

पाणी काढून टाका. तळाशी पुन्हा पहिल्याइतकंच पाणी घ्या. या वेळी वाटीत चार-पाच खडे ठेवा, पण वाटी बुडू देऊ नका. नवी पातळी खूण करा. पुन्हा पाच मग ओता, पुन्हा मोजा.

मोजण्याआधी मात्र एक पैज लावा. लॉकमध्ये रिकामी होडी आहे आणि नंतर तीच होडी उसाने गच्च भरून आली आहे. दारं बंद झाल्यावर खोली भरायला कुणाला जास्त पाणी लागेल?

पैज लावली? मग वाचा. दोघींना सारखंच! जड होडी जास्त खोल बुडते, पण ती खोलीत शिरतानाच आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारून आलेली असते. दारं मिटल्यावर भरायची असते ती फक्त पातळीतली वाढ, म्हणजे खोलीची लांबी गुणिले रुंदी गुणिले चढ. या गुणाकारात होडीचं वजन कुठेच नाही. म्हणूनच रिकामी होडी वर नेणारा लॉकवाला मनातून चडफडत असतो: तीस टँकर पाणी गेलं आणि वर पोचलं काय, तर एक वल्हं आणि एक माणूस!